तरुणांचा गट घेऊन आल्प्समध्ये: कांडरश्टेगच्या आठ दिवसांचं नियोजन

मुलामुलींचा गट घेऊन आल्प्समध्ये ट्रेकला जायचं म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव मे महिन्याचं निघतं, कारण सुट्टी तेव्हाच असते. नियोजनातली पहिली अडचण हीच. मे महिन्यात दोन हजार मीटरच्या वरच्या खिंडी बर्फाखाली असतात, डोंगरातले बहुतेक हट, म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाची घरं, बंद असतात आणि अनेक केबल कार वार्षिक देखभालीसाठी थांबवलेल्या असतात. खाली खोऱ्यात मात्र हिरवळ आणि फुलं असतात, त्यामुळे फोटो बघून सगळं खुलं असेल असं वाटतं. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. नोव्हेंबरमध्ये हट बंद, केबल कार बंद आणि दिवस लहान.

पायी भटकंतीचा खरा हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. शाळकरी गटाला जूनच्या मध्यानंतर येणं शक्य असेल तर फक्त खालच्या वाटा ठेवा. कॉलेजच्या गटाने सरळ जुलै-ऑगस्टमधला आठवडा काढावा, दोन-चार लेक्चर बुडाली तरी चालतील. माझं मत विचाराल तर पहिल्या सहलीला गट 16 ते 22 वयाचा आणि पंधरा-सोळा जणांच्या आतला असावा. दर सहा मुलांमागे एक अनुभवी मोठा माणूस हवा, आणि गट कितीही छोटा असला तरी मोठी माणसं किमान तीन. एक जण आजारी मुलाजवळ थांबला तरी पुढे लीड आणि मागे टेल उरले पाहिजेत.

मुक्काम कुठे

आल्प्स आठ देशांत पसरले आहेत, म्हणून गटाने रोज मुक्काम हलवण्याच्या मोहात पडू नये. एकाच गावात तळ ठोकायचा आणि तिथून रोज वेगळी वाट धरायची. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या बेर्न प्रांतातलं कांडरश्टेग मला सगळ्यांत योग्य वाटतं. गाव 1,176 मीटरवर आहे, रेल्वे गावापर्यंत येते आणि चारही बाजूंना सोप्यापासून अवघडपर्यंत सगळ्या प्रतीच्या वाटा आहेत.

इथेच 1923 पासून स्काउट चळवळीचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. लॉटश्बेर्ग या रेल्वे बोगद्याचं काम चालू असताना कामगारांसाठी बांधलेली लाकडी इमारत पुढे रिकामी पडली आणि तीच या केंद्राची पहिली वास्तू झाली. तंबूची मैदानं, सामायिक स्वयंपाकघरं, देशोदेशींच्या तरुणांची ये-जा, हे सगळं तिथे मिळतं. तुमचा गट स्काउट-गाइडचा नसेल तर तारखा सांगून आधीच लेखी विचारणा करा. डोंगरापलीकडच्या आडेलबोडेनला गर्ल गाइडचं जागतिक केंद्र आहे, ते 1932 मध्ये सुरू झालं. पुण्यातलं ‘संगम’ त्याच कुटुंबातलं, 1966 चं. पुण्याच्या ज्या मुली संगमच्या शिबिरांना जातात, त्यांना आडेलबोडेनच्या केंद्रात पाऊल ठेवताना परकं वाटणार नाही. गटात अशा मुली असतील तर तिथला एक मुक्काम जरूर ठेवा.

सहा महिने आधी: कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट लवकर संपतात, म्हणून जुलैच्या सहलीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांचे पासपोर्ट हातात हवेत. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा व्हिसासाठी सक्तीचा आहे. पण तो पुरेसा नाही. नेहमीच्या प्रवास विम्यात डोंगरातला शोध आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका वगळलेली असू शकते, किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते. विमा कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: 3,000 मीटरपर्यंतचं पायी गिरिभ्रमण आणि हेलिकॉप्टरचा खर्च, दोन्ही पॉलिसीत आहेत. एका उड्डाणाचं बिल हजारो फ्रँकांचं होतं.

अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागेल. त्याच कागदासोबत उपचारांची परवानगी, रक्तगट, अॅलर्जी आणि चालू औषधं हेही लिहून घ्या. अस्थमा लपवणारे पालक भेटतात. त्यांना समोर बसवून शांतपणे समजवा की हे कळल्यामुळे मुलाचं नाव यादीतून कमी होणार नाही, उलट त्याचा पंप लीडरच्या सॅकमध्येही एक जास्तीचा राहील.

तीन महिने आधी: सराव

कळसूबाई 1,646 मीटर. कांडरश्टेगच्या वरचा ओशिनेन तलाव 1,578 मीटरवर आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी फिरायला जाल ती जागा जवळजवळ महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाइतकी उंच. पण उंचीपेक्षा चढ-उताराचा हिशोब महत्त्वाचा. सिंहगडाच्या पायवाटेने साधारण 600 मीटर चढ होतो. खाली दिलेल्या वाटांपैकी मोठीत एक हजार मीटरहून जास्त चढ आणि बाराशे मीटर उतार आहे. म्हणून मुलांकडून एका दिवसात सिंहगड दोनदा करून घ्या, भरलेल्या सॅकसह. चढताना दम लागतो तो दोन आठवड्यांत सुधारतो. उतारावर गुडघे आणि मांड्या बोलायला लागतात, त्यांना दोन महिने लागतात. शेवटच्या महिन्यात राजगड–तोरणा एका दिवसात झाला, तर गट तयार आहे.

सह्याद्रीतली मुलं पावसाला घाबरत नाहीत, हा आपला मोठा फायदा. पण नेमका तोच आल्प्समध्ये घात करू शकतो. आपला पाऊस ऊबदार असतो, दिवसभर भिजून चाललं तरी संध्याकाळी चहा घेतला की झालं. तिकडे दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावात 20 अंश असतील तर 2,778 मीटरच्या होहट्युर्ली खिंडीत 10 अंशांच्या आसपास असेल, त्यात वारा आणि ओले कपडे आले की ऑगस्टमध्येही शरीर गारठतं. म्हणून सुती टी-शर्ट, जीन्स, फडफडणारा पोंचो हे सगळं घरी. अंगालगत घाम वाळवणारा सिंथेटिक किंवा लोकरी थर, वर फ्लीस, त्यावर टोपीवालं खरं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पावसाळी पँट. टोपी आणि हातमोजे जुलैतही सॅकमध्येच. बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या सोलचे, आणि निघण्याआधी निदान दोन ट्रेक चालून सैल झालेले.

खाण्याचं सामान भरताना एक गोष्ट पालकांना आधीच कळवा: भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, पनीर राहू द्या. ताजी फळं-भाज्याही बहुतांशी चालत नाहीत, म्हणजे आंबा आणि कढीपत्ता दोन्ही नाहीत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, चिक्की, तेलावर केलेला चिवडा खुशाल न्या. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते तिथे विकत घ्या. दुकानं रविवारी बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची सोडून, त्यामुळे किराणा शनिवारी दुपारीच भरा. शाकाहारी मुलांची आबाळ होत नाही. मॅकरोनी, बटाटा आणि चीज एकत्र शिजवून वर सफरचंदाची चटणी देतात ते ‘एल्प्लरमाग्रोनेन’ हटमध्ये बऱ्याचदा मिळतं आणि आपल्या पोरांना ते फार आवडतं.

पोहोचताना

झुरिक किंवा जिनिव्हाहून बेर्न, तिथून श्पीट्स आणि मग कांडरश्टेग. ब्रिगकडे जाणारी वेगवान गाडी कांडरश्टेगला थांबत नाही. ती 2007 मध्ये सुरू झालेल्या 34.6 किलोमीटरच्या पायथ्याच्या बोगद्यातून डोंगराखालूनच पलीकडे जाते. म्हणून श्पीट्सला उतरून जुन्या डोंगरी मार्गाची गाडी पकडायची. सामानासह पंधरा मुलं प्लॅटफॉर्मवर असताना हे आठवलं नाही तर संध्याकाळ वाया जाते. दहा किंवा जास्त जण असतील तर गटाच्या तिकिटाची चौकशी करा. जर्मनीत राहणारे मराठी गट येत असतील तर त्यांनी फोनचं बघावं: युरोपीय संघातलं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही.

वाट वाचायला शिकवा

स्विस वाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर अंतर नसतं, वेळ असते. ती वेळ न थांबता सतत चालणाऱ्या माणसाची. गटासाठी ती दीडपट धरायची. पाटीवर तीन तास असतील तर आपले साडेचार. हे एक गणित सगळ्या नियोजनाचा कणा आहे आणि बहुतेक गट नेमके इथेच चुकतात, कारण वाट इतकी स्वच्छ आखलेली असते की हातात खूप वेळ आहे असं वाटत राहतं.

साधी पिवळी खूण म्हणजे कोणालाही जमेल अशी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट: अरुंद, तीव्र, काही ठिकाणी दरीकडेची. पांढरा-निळा-पांढरा दिसला की थांबायचं. त्यापुढे हिमनदी, सुट्या दगडांचा घसारा, हाताने चढायच्या जागा असू शकतात, तिथे गट गाईडशिवाय नेऊ नये. अवघडपणाची प्रतवारी टी-1 पासून टी-6 पर्यंत आहे. तरुण गटासाठी टी-2 पर्यंत मोकळेपणाने, टी-3 निवडक मुलांसाठी.

स्विस सरकारचं नकाशांचं स्विसटोपो अॅप मोफत आहे, त्यात बंद केलेल्या वाटाही दिसतात. निघण्याआधी नकाशे डाउनलोड करून ठेवा आणि वाटबंदीचा थर रोज सकाळी बघा. कांडरश्टेगमध्ये हे फार गंभीरपणे घ्यायला हवं. ओशिनेन तलावावरचा श्पिट्झे श्टाय हा डोंगराचा भाग सरकतो आहे, त्यावर सतत पाळत असते आणि खालच्या काही वाटा त्यामुळे बंद ठेवल्या जातात. डोंगरापलीकडच्या लॉटशेन खोऱ्यातलं ब्लाटेन गाव 28 मे 2025 ला हिमनदी कोसळून गाडलं गेलं. गावकऱ्यांना काही दिवस आधीच बाहेर काढलं होतं म्हणून मोठी प्राणहानी टळली. त्या लोकांनी घरं सोडून आदेश पाळला. आपण बंद वाटेवरची लाल-पांढरी फीत ओलांडून मुलांना पुढे नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आठ दिवस कसे बसवायचे

पहिला दिवस प्रवासाचा. दुपारनंतर कांडर नदीच्या चिंचोळ्या घळीतून गास्टर्न खोऱ्याकडे तासभर फिरून या, पाय मोकळे होतात. नदीकाठच्या धोक्याच्या पाट्या मुलांना दाखवा. वीजनिर्मितीचे बांध असलेल्या नद्यांत निरभ्र दिवशीही पाणी अचानक वाढू शकतं, म्हणून पात्रात उतरून खेळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ओशिनेन तलाव, पायी. चारशे मीटर चढ, पाटीवरचा वेळ दीड तासाच्या आसपास. गोंडोला आहे, पण पहिला चढ पायी केला की कोणाची चाल कशी आहे ते तुम्हाला कळतं, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला लीडच्या लगेच मागे ठेवा, शेवटी नाही. मागे राहिलेला मुलगा पोहोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठतात, त्याला विश्रांती मिळतच नाही. जोमदार मुलांना तलावावरून होयबेर्ग आणि ओबरबेर्गलीची उंचावरची वाट दाखवता येईल. ती काही ठिकाणी दरीला लागून जाते, त्यामुळे ओली असेल तर टाळा.

तिसरा दिवस गेम्मी खिंडीचा. केबल कारने सुन्नब्यूएलला, 1,934 मीटरवर, आणि तिथून श्पिटेलमाटेचं सपाट कुरण, श्वारेनबाखची जुनी सराई, डाउबेन तलाव असं करत खिंडीपर्यंत. चढ सौम्य, रस्ता रुंद, दृश्य अफाट. श्पिटेलमाटेत थांबून वर आल्टेल्स शिखराकडे बघायला सांगा. 11 सप्टेंबर 1895 ला त्या उतारावरची हिमनदी तुटून या कुरणावर आली, 6 माणसं आणि दीडशेहून जास्त गुरं गेली. डोंगराबद्दलचा आदर मुलांमध्ये भाषणाने येत नाही, अशा जागी उभं राहिल्यावर येतो. परतीच्या शेवटच्या केबल कारची वेळ सकाळीच लिहून घ्या.

याच वाटेवर कुरणात गाई भेटतात. वासरू सोबत असलेल्या गाईपासून लांबून वळसा घ्या, वासराला हात लावू नका. आपल्याकडच्या गाईंच्या सवयीने मुलं सरळ पाठीवर हात ठेवायला जातात, तिथे ते धोक्याचं आहे. मेंढ्यांचा राखणदार कुत्रा भुंकत आला तर जागीच थांबा, शांत राहा आणि मग कळपाला टाळून हळू निघा. उघडलेलं प्रत्येक फाटक बंद करायचं.

चौथा दिवस विश्रांतीचा आणि साहसाचा. आल्मेनआल्पच्या कड्यावर लोखंडी तारांची वाट आहे, त्याला जर्मनमध्ये ‘क्लेटरश्टाइग’ म्हणतात. ही वाट अवघड आहे, प्रमाणपत्र असलेला पर्वत-गाईड असल्याशिवाय नाही. हेल्मेट, हार्नेस आणि झटका शोषणारा संच लागतो, आणि हा संच 40 ते 120 किलो वजनासाठी बनवलेला असतो. 40 किलोपेक्षा हलकं मूल पडलं तर झटका शोषणारा भाग उघडत नाही आणि सगळा धक्का अंगावर येतो. अशा मुलाला गाईडने वरून दोर लावलाच पाहिजे. मुलांची वजनं बुकिंगच्या वेळीच कळवा.

पाचवा आणि सहावा दिवस हटचा. नवख्या गटाने 1,915 मीटरवरचा डोल्डेनहॉर्न हट घ्यावा. पाय चांगले रुळलेल्या गटाने ब्ल्यूमलिसाल्प हट, 2,840 मीटर. तलावापासून हा चढ साडेबाराशे मीटरचा आहे आणि जुलैच्या सुरुवातीला वर जुना बर्फ असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी हटच्या व्यवस्थापकाला फोन करून वाटेची स्थिती विचाराच. या उंचीवर झोपल्यावर एखाद्याचं डोकं दुखतं. पाणी जास्त पाजा, आणि दुखणं वाढून उलट्या सुरू झाल्या तर उजाडताच खाली.

हटचे रिवाज मुलांना आधीच सांगितले तर तिथे ओरडावं लागत नाही. दारातच बूट काढून मांडणीवर ठेवायचे आणि तिथले सपाते घालायचे. काठ्या बाहेर. झोपायला एका ओळीत गाद्या असतात, ब्लँकेट मिळतं, पण स्वतःची पातळ चादरीची पिशवी आणावी लागते. अंघोळ नाही. पिण्याचं पाणी काही हटमध्ये विकत घ्यावं लागतं. जेवण सहसा साडेसहाच्या सुमारास सगळ्यांना एकदम वाढतात, शाकाहारी असल्याचं बुकिंगमध्येच सांगा. मुक्काम, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून मोठ्यांना साधारण 70 ते 90 फ्रँक. दहाला दिवे बंद. आणि हटच्या वहीत गटाचं नाव, संख्या, उद्याचा मुक्काम हे न चुकता लिहा. तुम्ही पोहोचला नाहीत तर शोध त्या ओळीपासून सुरू होतो.

सातवा दिवस राखीव. पावसाने आधीचा एखादा दिवस खाल्ला तर तो इथे भरून काढायचा. राखीव दिवस नसला की लीडर खराब हवेतही गट बाहेर काढतो.

आठवा दिवस सगळ्यांत मोठा: रेल्वेने फ्रुटिगेन, बसने आडेलबोडेन, आणि तिथून 2,385 मीटरची बुंडरक्रिंडे खिंड ओलांडून पायी कांडरश्टेग. आडेलबोडेन 1,350 मीटरवर, म्हणजे चढ हजारावर आणि उतार बाराशे. बॉन्डरआल्पपर्यंत कुरणं आहेत, वर घसारा आणि मग कड्यांमधली अरुंद खाच. घसाऱ्यात मुलांमध्ये अंतर ठेवू नका, उलट एकमेकांच्या जवळ चालवा, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच थांबतो. वळणाच्या खाली कोणी असेल तर वरच्यांनी थांबायचं. पलीकडे यूशिनेन खोऱ्यात उतरेपर्यंत गुडघ्यांची परीक्षा आहे. ज्यांना सातव्या दिवसापर्यंत त्रास झाला असेल त्यांना एका मोठ्या माणसासोबत आडेलबोडेनलाच ठेवा.

रोज संध्याकाळची बैठक

जेवणानंतर पंधरा मिनिटं. स्विस हवामान खात्याचा अंदाज बघायचा, उद्याची वाट ठरवायची आणि परत फिरण्याची वेळ पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून दाराला लावायची. उन्हाळ्यात वादळी पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून सकाळी सातला निघून दोनपर्यंत खिंडीतून खाली यायचं. ठरलेली वेळ झाली की खिंड पाचशे मीटरवर दिसत असली तरी वळायचं. हा निर्णय संध्याकाळी घेतलेला असतो म्हणून दुपारी वाद होत नाही. दुपारी, दमलेल्या आणि उत्साही मुलांसमोर तो नव्याने घ्यायचा म्हटलं तर फार थोड्या लीडरना जमतो.

वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. कड्याची धार, एकटं झाड, लोखंडी तारा यांपासून दूर व्हा, गट विखरा, पाय जुळवून उकिडवे बसा.

थंडी लागलेल्या मुलाची एक सोपी चाचणी आहे. त्याला स्वतःच्या जॅकेटची चेन लावायला सांगा. बोटं वळत नसतील, बोलणं जड झालं असेल, एरवी बडबडणारा गप्प झाला असेल, तर तिथेच थांबा. ओले कपडे बदला, वारा अडवा, गोड गरम काही पाजा, आणि मग उतरा.

मदत मागताना

112 सगळीकडे चालतो. स्विस हवाई बचाव सेवा रेगाचा क्रमांक 1414. शेजारच्या वाले प्रांतात मात्र 144 लावावा, आणि गेम्मीच्या वाटेवर श्वारेनबाखच्या आसपास तुम्ही वालेमध्येच असता. कोण, कुठे, काय झालं, किती जण, तिथलं हवामान आणि जवळ विजेच्या किंवा केबलच्या तारा आहेत का, एवढं सांगायचं. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन खुणांचं येतं. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर म्हणजे ‘मदत हवी’, एक वर एक खाली म्हणजे ‘नको’. आपली मुलं आनंदाने दोन्ही हात हलवतात, म्हणून हे आधीच करून दाखवा. ही माहिती छोट्या कार्डावर छापून प्रत्येकाच्या खिशात द्या, केवळ लीडरच्या नाही.

परतल्यावर

खालच्या जंगलांत आणि उंच गवतात गोचिडी असतात. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, मांडीच्या सांध्यात, कानामागे बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची, तेल-चुना काही लावायचं नाही, आणि तारीख टिपून ठेवायची. मुंबई-पुण्याला उतरल्यावर पालकांना एक पत्र द्या: पुढच्या महिन्याभरात अंगावर पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं, किंवा ताप आणि सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना स्वित्झर्लंडमधल्या गोचिडीबद्दल आणि लाइम आजाराबद्दल स्वतःहून सांगा. आपल्याकडे हा आजार क्वचितच दिसतो, त्यामुळे डॉक्टर आधी डेंग्यूच तपासतील. वेळेत ओळखला तर अँटिबायोटिक्सनी तो बरा होतो.